साग : जहाजाचे लाकूड आणि जंगलाचा कायदा

१. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे गाव आहे. तेथील गोदीत 'एचएमएस ट्रिंकोमाली' हे शिडाचे लढाऊ जहाज आजही पाण्यावर तरंगते आहे. ब्रिटिश आरमाराच्या अद्याप तरंगत्या जहाजांत ते सर्वांत जुने मानले जाते. परंतु हे जहाज इंग्लंडात बांधलेले नाही. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते मुंबईच्या गोदीतून समुद्रात उतरले. त्याचे बांधकाम जमशेटजी बोमनजी वाडिया या पारशी जहाजबांधणीकाराने केले आणि लाकूड होते मलबारचा साग.

२. दोनशेहून अधिक वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही जे लाकूड कुजले नाही, त्यात असे होते तरी काय? आणि इतके मोलाचे लाकूड ज्या झाडात असते, ते झाड कोणाचे? रानात राहणाऱ्याचे, जमीन कसणाऱ्याचे, की राजाचे? पहिला प्रश्न वनस्पतिशास्त्राचा, दुसरा इतिहासाचा. सागाच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत इतके गुंतले आहेत की एकाचे उत्तर दिल्यावाचून दुसऱ्याचे देता येत नाही.

३. आधी झाड पाहू. सागाचे शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. त्याची मूळ भूमी भारत, ब्रह्मदेश, थायलंड आणि लाओस. उन्हाळ्यात पाने गाळणारा, पावसाळ्यात पांढऱ्या फुलांच्या तुऱ्यांनी भरून जाणारा हा वृक्ष. त्याची पाने सुपाएवढी मोठी. कोवळे पान चुरगळले तर बोटे लाल होतात. झोपडी शाकारायला, पावसात डोक्यावर धरायला आणि जेवणासाठी ही पाने रानातल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडत आली.

४. संस्कृतात या झाडाला 'शाक' म्हणतात, मराठीत 'साग'. अरबी आणि फारसीत त्याचेच 'साज' झाले. मल्याळम 'तेक्क'वरून पोर्तुगीजांनी 'तेका' केले आणि त्यावरून इंग्रजी 'टीक' आले. एका झाडाच्या नावाचा हा प्रवास म्हणजे त्याच्या व्यापाराचा नकाशाच आहे. ज्या किनाऱ्यावरून ज्याने लाकूड उचलले, त्या किनाऱ्याचा शब्द तो बरोबर घेऊन गेला.

५. हा व्यापार फार जुना. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या इजिप्तच्या प्राचीन बंदराच्या उत्खननात सागाचे लाकूड सापडले आहे. जुन्या जहाजांच्या फळ्या आणि तुळया तेथील लोकांनी पुढे घरांच्या बांधकामात वापरल्या होत्या. इकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला आजही लाकडी फासळ्या दिसतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कातळ कोरून घडवलेल्या त्या लेण्यात दगडाच्या जोडीने लाकूडही टिकून आहे.

६. आता या टिकाऊपणाचे कारण. सागाच्या खोडात बाहेरचा थर फिकट व कच्चा असतो. किंमत असते ती आतल्या सोनेरी-तपकिरी गाभ्याला. या गाभ्यात निसर्गतःच तेल, रबरासारखा चिकट पदार्थ आणि टेक्टोक्विनोनसारखी रसायने असतात. वाळवीला ती मानवत नाहीत, बुरशीला वाढू देत नाहीत आणि पाणी आत शिरू देत नाहीत. लाकडात बारीक वाळूसारखी सिलिकाही असते. त्यामुळेच सुताराच्या रंध्याचे पाते सागावर लवकर बोथट होते.

७. दुसरा गुण आकार न बदलण्याचा. ओले लाकूड वाळताना आकसते आणि पाणी लागले की फुगते. दारे अडकतात, फळ्या वाकतात, सांधे उघडतात. सागाचे आकसणे-फुगणे फार थोडे. वाळलेल्या सागाचे वजन एका घनमीटरला साधारण ६५० किलो भरते, म्हणजे तो मजबूत आहे, पण अवजड नाही. कधी उन्हात तापणाऱ्या, कधी लाटांखाली जाणाऱ्या जहाजाच्या फळीला याहून अधिक काय हवे?

८. तिसरा गुण आरमारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. युरोपातील जहाजे ओक लाकडाची असत. ओकमध्ये असलेल्या टॅनिन आम्लामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे आणि पट्ट्या गंजत आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही सडे. सागाचे तेल मात्र लोखंडाला गंजू देत नाही. लाकूड खिळ्याला सांभाळते आणि खिळा लाकडाला. सागवानी जहाजाच्या दीर्घायुष्याचे रहस्य पुष्कळ अंशी या जोडीत आहे.

९. एक अडचण होती. नुकताच तोडलेला हिरवा साग पाण्यात बुडतो. मग तो नदीतून वाहून आणायचा कसा? यावर उपाय असा की झाड उभे असतानाच बुंध्याभोवतीची साल आणि खालचे कच्चे लाकूड कड्यासारखे कापून काढायचे. झाड उभ्याउभ्या मरते आणि दोन-तीन वर्षे तसेच वाळते. मग ते तोडले की ओंडका तरंगतो. म्हणजे आज हव्या असलेल्या जहाजासाठी झाड काही वर्षे आधी निवडावे लागे. सागाचा व्यवहार धीराचा होता आणि धीर धरायला हक्काची हमी लागे.

१०. हक्काचा हा प्रश्न मराठी राज्यासमोरही आला. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली तेव्हापासून स्वराज्याच्या आरमाराला लाकडाची सतत गरज होती. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या लाकडासंबंधी स्वतंत्र सूचना आहेत आणि त्या आजही वाचण्याजोग्या आहेत.

११. त्या सूचनांचा आशय असा : साग वगैरे आरमाराच्या कामाची झाडे राज्यातील रानातून परवानगीने, गरजेपुरती तोडावीत, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस हीही आरमाराच्या उपयोगाची झाडे आहेत, पण त्यांना हात लावू नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन निकामी झाले असेल, तरच धन्याला राजी करून, मोल देऊन ते घ्यावे.

१२. येथे एक भेद स्पष्ट दिसतो. रानातला साग राज्याच्या हुकमतीखाली, तर परसातला आंबा रयतेचा. सागावर राज्याचा दावा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या दाव्याला दोन मर्यादा होत्या : गरजेची आणि रयतेच्या मनाची. पुढील शंभर वर्षांत दावा राहिला आणि मर्यादा गळून पडल्या. तो बदल कसा झाला, हे समजण्यासाठी मुंबईच्या गोदीत जावे लागते.

१३. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या सुताराला काही कारागिरांसह मुंबईला आणले. १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. तिच्यात जहाज आत घ्यायचे, दार बंद करून पाणी काढायचे आणि तळाची दुरुस्ती करायची. कोकण किनाऱ्यावरील प्रतिस्पर्धी आरमारही फार काळ उरले नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचा तांडा जळून खाक झाला. या हल्ल्यात पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हा इतिहासातील एक कडवट तपशील.

१४. वाडिया घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गोदीचे मुख्य सुतारपद सांभाळले. जहाजाच्या तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून कामाचा मुहूर्त करण्याची त्यांची प्रथा होती. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडला ओकची टंचाई भासू लागली, तेव्हा ब्रिटिश आरमाराने आपली मोठी लढाऊ जहाजेही मुंबईत बांधून घेण्यास सुरुवात केली. १८१० मध्ये ७४ तोफांचे 'मिंडेन' उतरले, १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस', १८१५ मध्ये 'वेलस्ली', १८२१ मध्ये 'गँजेस', १८२४ मध्ये 'एशिया'.

१५. 'ट्रिंकोमाली'चीच एक गोष्ट आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' या जहाजातून मुंबईकडे निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजाने वाटेतच 'जावा'चा पाडाव केला आणि नकाशे गेले. नव्या प्रती येईपर्यंत काम लांबले. जहाज तयार झाले तेव्हा ज्या युद्धासाठी ते मागवले होते ते संपूनही गेले होते. लाकूड मात्र उत्तम होते, म्हणून जहाज उरले.

१६. या जहाजांचे आयुष्य पाहिले की साग म्हणजे काय ते कळते. १८११ मध्ये कर्नल वॉकर या कंपनीच्या अधिकाऱ्याने नोंदवले होते की, ब्रिटिश आरमाराची जहाजे दर बारा वर्षांनी नवी करावी लागतात, तर सागवानी जहाजे पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक टिकतात. हा अंदाजही थोडा ठरला. 'एशिया' १८२७ च्या नावारिनोच्या लढाईत सेनापतीचे जहाज होते. १८४२ मध्ये चीनवर लादलेला नानकिंगचा तह 'कॉर्नवॉलिस'वर झाला. 'वेलस्ली' तर सव्वाशे वर्षे टिकून १९४० मध्ये थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबने बुडाले.

१७. या यशाची किंमत मलबारच्या जंगलांनी चुकवली. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या तहाने मलबार कंपनीच्या हाती आले होते. १८०५ मध्ये लंडनहून विचारणा झाली की, ओकच्या टंचाईत मलबारचा साग आरमाराला कितपत पुरेल? चौकशीसाठी समिती नेमली गेली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याची जंगलांचा संरक्षक म्हणून नेमणूक झाली आणि पुढच्याच वर्षी सागावर कंपनीचा सार्वभौम हक्क असल्याचे जाहीर करण्यात आले.

१८. मलबारमध्ये जंगले बहुतांशी खासगी मालकीची होती. वॉटसनच्या कारभारात तो भेद पुसला गेला. मालकाला आपल्याच जमिनीवरचे झाड विकता येईना, व्यापाऱ्याला लाकूड हलवता येईना, गावकऱ्याला सरपणही सहज मिळेना. भाव कंपनी ठरवी आणि घेणारीही तीच. असंतोष इतका वाढला की मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी स्वतः या व्यवस्थेवर कठोर टीका केली आणि १८२३ च्या सुमारास संरक्षकाचे पद रद्द झाले.

१९. मात्र यामुळे साग वाचला नाही. बंधन उठताच ठेकेदारांनी जंगले मोकळेपणाने तोडली. दोन दशकांत मोठा साग दुर्मीळ झाला, तेव्हा मलबारचे कलेक्टर एच. व्ही. कॉनोली यांनी १८४० च्या दशकात निलंबूर येथे साग लावण्याचा प्रयत्न सुरू केला. आरंभी बी रुजेचना. सागाचे कठीण कवच फुटायला तंत्र सापडावे लागले. ते काम यशस्वी करण्यात चाथु मेनन या स्थानिक अधिकाऱ्याचा वाटा मोठा होता. निलंबूरची ही लागवड जगातील सर्वांत जुनी सागाची लागवड मानली जाते आणि तिचा एक भाग अजून उभा आहे.

२०. मलबार आटले तशी नजर ब्रह्मदेशाकडे वळली. १८५२ च्या युद्धात पेगू प्रांत ब्रिटिशांकडे आला. १८५५ मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसी यांनी तेथील सागाची मालकी सरकारची असल्याचे ठरवले. १८५६ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पेगूत दाखल झाले. हत्तीवर बसून जंगलातून जाताना ते हातातील बांबूच्या तुकड्यांवर चाकूने खाचा पाडत. घेराच्या चार वर्गांपैकी ज्या वर्गाचे झाड दिसे त्या वर्गाच्या बांबूवर खाच. पुढे १८६४ मध्ये भारताचे वनखाते स्थापन झाले, तेव्हा ब्रँडिस त्याचे पहिले प्रमुख झाले.

२१. उत्तर ब्रह्मदेशात मात्र अजून राजा थिबा होता. तेथे साग तोडण्याचा ठेका १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे होता. कंपनीने नोंदवल्यापेक्षा जास्त ओंडके नेले असा ठपका ठेवून १८८५ मध्ये राजाच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. फ्रान्सचा वाढता प्रभाव ब्रिटिशांना आधीच खुपत होता. दंडाने निमित्त पुरवले. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील करून घेण्यात आला.

२२. पदच्युत थिबाला मद्रासमार्गे रत्नागिरीला आणण्यात आले. पुढील तीस वर्षे तो तेथेच राहिला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० च्या सुमारास पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. खाडीकडे पाहणारा थिबा पॅलेस बघायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते की, या राजाच्या वनवासाच्या मुळाशी सागाच्या ओंडक्यांचा हिशेब होता.

२३. तोवर जहाजे लोखंडाची होऊ लागली होती, तरी सागाची मागणी घटली नाही. १८६० मधील 'वॉरियर' या लोखंडी युद्धनौकेच्या साडेचार इंची चिलखतामागे अठरा इंच जाडीचा साग बसवलेला होता, कारण लोखंडाशी त्याचे वैर नाही. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि रुळांखालच्या स्लीपरसाठी साग, साल व देवदार यांची नवी तोड सुरू झाली. मैलभर रुळाला पावणेदोन ते दोन हजार स्लीपर लागत आणि ते काही वर्षांनी बदलावे लागत.

२४. या भुकेतून कायदा जन्मला. १८६५ चा पहिला वन कायदा अपुरा वाटला म्हणून १८७८ मध्ये दुसरा आला. त्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी विभागणी केली. राखीव जंगलात गावकऱ्याचा पूर्वापार वावर हक्क न राहता सवलत बनला, आणि सवलत कधीही काढून घेता येते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या विधेयकाला आक्षेप घेतला होता. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये डोंगर, दऱ्या आणि गायराने गिळणाऱ्या वनखात्यावर प्रखर टीका केली.

२५. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत कळीचा मुद्दा होता राबाचा. भाताची रोपे करण्याआधी फांद्या, पाला आणि शेण पसरून वाफा भाजायचा, ही कोकणातील रीत. राबासाठी फांद्या तोडणे आता गुन्हा ठरू लागले. असंतोष एवढा पसरला की १८८५ मध्ये सरकारला मुंबई इलाख्याच्या वनप्रशासनाची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला. लंडनच्या गोदीत बसणारी फळी आणि मुरबाडच्या शेतकऱ्याचा राब यांचा संबंध कोणाला सुचणार नाही. पण एकाच कायद्याने ते दोन्ही बांधले गेले होते.

२६. हे केवळ भारतात घडले नाही. जावा बेटावर डच सरकारने सागाची जंगले अशीच ताब्यात घेतली. तेथील ब्लोरा भागात १८९० च्या सुमारास सुरोन्तिको सामिन या शेतकऱ्याने शिकवायला सुरुवात केली की, माती, पाणी आणि लाकूड सर्वांचे आहे. त्याचे अनुयायी हत्यार उचलत नसत. ते शांतपणे सरकारी बंदी न जुमानता साग तोडत आणि कर देण्याचे नाकारत. १९०७ मध्ये सामिनला हद्दपार केले गेले. विचार मात्र तेथेच राहिला.

२७. महाराष्ट्रात हाच प्रश्न १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्याला येऊन मिळाला. मिठाचा सत्याग्रह समुद्रकाठी. समुद्रापासून दूर असलेल्यांनी काय करायचे? त्यांनी जंगलाचा कायदा मोडला. जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. शिराळा भागातील बिळाशी गावात सागाच्या खांबावर झेंडा उभारला गेला आणि गावाने त्याचे रक्षण केले. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरच्या अक्कादेवी डोंगरावर लोक जमले असता गोळीबार झाला. त्यात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले; तेथे हजर असलेले मामलेदार जोशी हेही मारले गेले.

२८. चिरनेरच्या आठ जणांत आगरी होते, कोळी होते, कातकरी होते, न्हावी होते. त्यांना कोणतेही जहाज बांधायचे नव्हते. सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनहून आलेल्या एका विचारणेपासून निघालेला धागा त्यांच्या डोंगरापर्यंत पोहोचला होता. वनखात्याने जंगले राखली नसती तर ठेकेदारांनी ती संपवली असती, असा युक्तिवाद केला जातो आणि १८२३ नंतरचा मलबार पाहता त्यात तथ्यही आहे. परंतु ठेकेदार आणि गावकरी यांना एकाच तराजूत तोलण्याची चूक कायद्याने केली, हेही तितकेच खरे.

२९. स्वातंत्र्यानंतर धनी बदलला, दावा तसाच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींचे हक्क मान्य केले. गडचिरोलीतील मेंढा-लेखासारख्या गावांनी त्याच्या बळावर बांबूवर सामूहिक हक्क मिळवला. परंतु या कायद्यात 'गौण वनोपज' म्हणजे लाकूड सोडून उरलेले उत्पन्न. मध, तेंदू, मोह, बांबू गावाचे, साग सरकारचा. नव्या संसद भवनासाठी नागपूरहून आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून गेलेला साग आजही देशात अव्वल समजला जातो.

३०. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर लावलेला सागही तो मनात येईल तेव्हा तोडू शकत नाही. महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडेतोड नियमन कायद्यानुसार त्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. या कायद्याच्या यादीत सागाबरोबर आंबा आणि फणसही आहेत. अमात्यांनी जी झाडे परस्परांपासून वेगळी ठेवली होती, ती तीनही आता एका यादीत आली आहेत. हेतू संरक्षणाचाच आहे. फक्त परवानगी मागणारा बदलला. 'आज्ञापत्रा'त रयतेचे झाड हवे असेल तर राज्याने धन्याला राजी करायचे होते. आज आपल्याच झाडासाठी धन्याने राज्याला राजी करायचे असते.

३१. सागाचा गाभा भरायला साठ-सत्तर वर्षे लागतात. वीस वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या सागात कच्चे लाकूड अधिक आणि तेल कमी, म्हणून जुन्या वाड्याच्या तुळईची सर त्याला येत नाही. जो लावतो त्याला फळ क्वचितच मिळते. ते नातवाला मिळते. असे झाड तोच लावील आणि तोच राखील, ज्याला आपल्या नातवाच्या हक्काची खात्री आहे. 'ट्रिंकोमाली' अजून तरंगते, कारण तिच्यासाठी तोडलेला साग कित्येक पिढ्यांनी उभा राहू दिला होता. त्या पिढ्यांची नावे कोणत्याही जहाजावर कोरलेली नाहीत.